मेलेल्या पाखराचे चित्र काढायचे की नाही?

गेल्या ऑक्टोबरात गोव्यात आमच्या भागातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात सकाळी सकाळी एक नवरंग मरून पडलेला सापडला. शिपाई झाडू घेऊन आला होता. चित्रकलेच्या सरांनी त्याला थांबवले, हातमोजे घालून पाखरू जुन्या वर्तमानपत्रावर घेतले आणि सातवीच्या मुलांना म्हणाले, दोन तास आहेत, काढा. संध्याकाळपर्यंत त्या चित्रांचे फोटो घरोघर पोचले आणि वादाला तोंड फुटले. पालकांच्या सभेत कोणी म्हणाले ही विकृती आहे, कोणी बर्ड फ्लूचे नाव काढले, एका वकिलांनी वन्यजीव कायद्याचे कलम वाचून दाखवले. सरांच्या बाजूने उभे राहिलेल्यांनी विज्ञान, जिज्ञासा, सलीम अली अशी भारदस्त नावे फेकली. आठवडाभर हे चालले. पाखराबद्दल सगळे बोलले. ते मेले कशाने, हे मात्र एकाही मोठ्या माणसाने विचारले नाही. मुलांनी विचारले होते. एका मुलीने तर चित्राच्या कोपऱ्यात व्हरांड्याला नव्याने बसवलेली काचेची तावदानेही काढून ठेवली होती.

माझे म्हणणे सरळ आहे. आपसूक किंवा अपघाताने मेलेला रानपक्षी सापडला, तर त्याचे चित्र काढण्यात गैर काही नाही. उलट ते मुलांना शिकवावे, मोठ्यांनीही शिकावे असे काम आहे. त्याला अटी दोनच. पक्षी सापडलेला असावा, मिळवलेला नसावा. आणि आपल्या घरी फक्त चित्र यावे, त्या पाखराचे एक पीससुद्धा येऊ नये. एवढे पाळले की विरोधकांचे निम्मे मुद्दे गळून पडतात. उरलेले निम्मे वजनदार आहेत, आणि ते 'जिज्ञासा' म्हणून उडवून लावणे हा आमच्याच बाजूचा आळस आहे.

सलीम अलींचेच घ्या. मुंबईतल्या या मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून १९०८ साली तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेला. साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण त्याच्यापुढे उघडले, आणि तिथून देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला. गोष्ट खरी आहे, गोड आहे आणि या वादात बिनकामाची आहे. ती चिमणी सापडली नव्हती, पाडली होती. पक्षिशास्त्राचा सगळा आरंभच बंदुकीच्या नळीतून झालेला आहे. ॲलन ह्यूम या सनदी अधिकाऱ्याने (काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच) १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला दिलेला पक्ष्यांच्या कातड्यांचा संग्रह पन्नास हजारांच्या वर होता. अमेरिकेच्या ऑड्युबनची १८२७ ते १८३८ या काळात छापली गेलेली ४३५ चित्रे आजही डोळे दिपवतात. पण त्यासाठी त्याने पाखरे मारली, त्यांच्या अंगात तारा घातल्या, चौकटी आखलेल्या फळीवर त्यांना उडताना, झडप घालताना, पिल्लांना भरवताना असे 'उभे' केले आणि मग रंगवले. अशा पूर्वजांची नावे सांगून आपण काय सिद्ध करणार?

विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा नेमका इथे आहे, आणि त्यांच्यापैकी कोणी तो नीट मांडला नाही म्हणून मीच मांडतो. मेलेल्या पाखराची गोडी लागली की पाखरू मरायची वाट बघणे फार लांब राहत नाही. आज सापडला म्हणून काढला. उद्या नाही सापडला तर? बेचकी काय, कोणत्याही वाड्यावरच्या पोराला पाच मिनिटांत करता येते. संग्राहकाची हाव अशीच वाढत गेल्याचे इतिहास सांगतो: एक नर झाला, आता मादी हवी, मग पिल्लू हवे, मग दुसऱ्या जिल्ह्यातला थोडा वेगळ्या छटेचा हवा. हा धोका मला खरा वाटतो. पण ही हाव येते कुठून? ठेवण्यातून. खण रिकामा दिसतो म्हणून तो भरावासा वाटतो. ठेवणेच काढून टाकले तर हावेचा चाराच तुटतो. चित्र काढणाऱ्याला मालिका पुरी करायची नसते, एकाच पंखाशी त्याची दुपार जाते. ऑड्युबनच्या तीनशे वर्षे आधी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या ड्यूरर या चित्रकाराने निळ्या रोलर पक्ष्याचे चित्र काढले. थंडीत आपल्याकडे तारेवर बसलेला दिसतो त्या नीलपंखाचा हा युरोपातला भाऊ. ड्यूररने त्याला फांदीवर बसवले नाही, चोचीत किडा दिला नाही. पाखरू मेलेले आहे, पंख लोंबलेले आहेत, मान पडलेली आहे, आणि चित्र तेवढेच सांगते. शिवाय एकट्या पंखाचे वेगळे चित्र, त्यात पिसांच्या मुळांशी असलेला फाटका भागही आहे. मेलेले पाखरू मेलेलेच दाखवायचे ठरवले की कोणाला मारून आणायची गरजच उरत नाही. जे पडले आहे ते पुरते.

आता वकिलांचे कलम. ते बरोबर वाचत होते, फक्त अर्धे वाचत होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता ठरतो, आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. 'मेलेलेच तर होते, मी थोडेच मारले' हा बचाव चालत नाही, आणि चालू नये हेच बरे; नाहीतर प्रत्येक शिकाऱ्याला आपले सावज 'सापडलेले' असते. २०२२ च्या दुरुस्तीने तर उपद्रवी प्राण्यांची वेगळी अनुसूचीही गेली, ज्यात एकेकाळी आपला कावळा होता. म्हणजे पाखरू घरी न्यायचे नाही, फ्रिजमध्ये ठेवायचे नाही, पंख कापून वहीत चिकटवायचा नाही. सगळे मान्य. पण मग उरते काय? हा कायदा पाखराचे शरीर आपल्याकडून काढून घेतो, पाहणे काढून घेत नाही. ज्याच्याकडे संग्रहालयाचा परवाना नाही अशा तुमच्याआमच्यासारख्याला त्या पाखरातले जे काही कायदेशीरपणे घरी नेता येते, ते कागदावर उतरवलेलेच. कायद्याचा धाक दाखवून चित्राला विरोध करणाऱ्यांनी हे उलटे धरले आहे. कायद्यामुळे चित्राची किंमत वाढते. सरांची एकच गोष्ट मला खटकली: पाखरू उचलून वर्गाच्या मधोमध आणायला नको होते. जिथे पडले तिथेच ठेवून मुलांना त्याच्याभोवती बसवता आले असते, आणि मग ती तावदाने तीस चित्रांत आली असती, एका नव्हे.

आजाराच्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. २०२१ च्या जानेवारीत राजस्थानात आणि इतर राज्यांत कावळे पटापट मरून पडले तेव्हा तपासणीत बर्ड फ्लूच निघाला होता. तेव्हा नियम असा असावा: एकाच ठिकाणी एकाहून जास्त पाखरे मरून पडलेली दिसली, किंवा एखादे मान वाकडी करून तडफडताना दिसले, तर चित्रबित्र काही नाही, मुलांना लांब न्यायचे आणि पशुसंवर्धन खात्याला फोन करायचा. जवळपास कोंबड्यांचा फार्म असेल तर अधिकच जपायचे. एकटे पाखरू, काचेखाली किंवा रस्त्याकडेला, तेही उघड्या हाताने उचलायचे नाही, वासासाठी नाक जवळ न्यायचे नाही, पंख उघडायचा तर काडीने. नंतर साबणाने हात धुणे आलेच. मासळी बाजारातून आल्यावर धुतो तसे, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आणि सगळ्याच्या आधी एक गोष्ट बघायची, ती या वादात कोणाच्या तोंडी आली नाही: पाखरू खरोखर मेले आहे का? काचेवर आदळलेले पाखरू पुष्कळदा नुसते सुन्न झालेले असते. ते पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर भोके पाडून, अंधारात, शांत जागी ठेवायचे. तोंडात पाणी ओतायचे नाही. तासा-दोन तासांनी बाहेर नेऊन खोके उघडायचे. बऱ्याचदा ते भुर्रकन जाते. त्याचे चित्र चुकले तर चुकले.

मुलांच्या कोवळ्या मनाचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. ज्याला बघवत नाही त्या मुलाला बसवू नये, यात दुमत नको. वर्गात असे एखादे असतेच आणि त्याला भित्रा म्हणणारा मास्तर हा मास्तर नव्हे. पण 'मुलांनी मरण बघू नये' असे जे म्हणतात ते गोव्यात राहतात ना? इथली मुले पिशवी धरून आईबरोबर बाजारात जातात, इसवणाचे डोके वेगळे होताना बघतात, रविवारी कोंबडीवाल्याच्या दुकानापुढे रांगेत उभी राहतात. मरण त्यांना नवीन नाही. त्यांना नवीन आहे ते कोणाच्याच ताटात न येणारे मरण, ज्याला गिऱ्हाईक नाही आणि म्हणून ज्याच्याकडे कोणी बघतही नाही. ते झाडूने लोटून कचऱ्याच्या डब्यात टाकले की मुलाचे मन कोवळे राहते, असे समजायचे का?

बघण्याने मन निबर होते, हा आक्षेप तरीही पूर्ण खोडता येत नाही. जहांगीर बादशहाने १६१८ साली मरणाच्या दारात असलेल्या इनायत खानाला, अफूने हाडांचा सापळा झालेल्या आपल्या दरबाऱ्याला, पुढ्यात आणवले आणि चित्रकारांना त्याचे चित्र काढायला सांगितले. ते चित्र अद्भुत आहे आणि त्यामागची नजर थंड आहे. बघणे आणि कळवळणे ही एकच गोष्ट नव्हे, हे जहांगीराकडे पाहून मान्य करावे लागते. पण त्या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरीही नाहीत, आणि त्याला दाखला आपल्याच घरातला आहे. तमसेच्या काठी निषादाने क्रौंचाच्या जोडीतला नर मारला आणि वाल्मीकीच्या तोंडून शोक श्लोक होऊन बाहेर पडला, हे प्रत्येक मराठी शाळेत सांगितले जाते. 'मा निषाद'च्या थोडे आधी तिथेच एक नोंद आहे ती मात्र कोणी सांगत नाही: त्या नराचे डोके तांबूस होते. रडता रडता कवीने डोक्याचा रंग बघितला होता! त्याच एका खुणेवरून तो सारस असावा असे अभ्यासक आज म्हणू शकतात. हा शोक निबर होता का?

मग फोटो काढा की, असे सुचवणारे सज्जन बरेच भेटले. हातात मोबाइल असताना पेन्सिल कशाला? फोटो जरूर काढावा, मीही काढतो. तारीख, वेळ, जागा त्यात आपोआप येते आणि चित्रात चूक झाली तर ताडून बघता येते. पण फोटो काढणारा बघतो किती वेळ? मोले ते अनमोड किंवा चोर्ला घाटाच्या रस्त्यावर पहाटे गेलात तर कधीतरी गाडीखाली आलेला रातवा दिसेल. रात्री हे पाखरू रस्त्यावरच बसते, दिव्याच्या झोतात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि बऱ्याचदा ते वेळेत उडत नाही. फोटोत तो सुकलेल्या पानांचा चुरा दिसतो, बस. काडीने रस्त्याच्या कडेला घेऊन चित्र काढायला बसा, मग एकेक गोष्ट पुढे येते. चोच एवढीशी, पण तोंड उघडले तर फट पार डोळ्यांखालपर्यंत जाते. उडत्या किड्यांना आत घेणारी जाळीच ती, आणि काठाला राठ केसांची झालर. पाय इतके बारके की हा चालत कसा असेल असे वाटावे. आणि मधल्या बोटाची नखी जवळून पाहिली तर तिच्या आतल्या काठाला दाते आहेत, फणीसारखे. रातव्याच्या नखाला फणी असते हे पुस्तकात वाचून मी केव्हाच विसरलो होतो. ती फणी पेन्सिलीने काढताना एकेक दाता काढावा लागतो, मग ती विसरता येत नाही.

निळ्या रंगाचे असेच. खंड्याचा किंवा नीलपंखाचा पंख रंगवायला घेतला की पोर आधी निळ्या रंगाची डबी उघडते. मग पीस जरा उजेडाकडे धरून बघायला सांगावे. मागून उजेड आला की निळा गायब. हातात एक मळकट तपकिरी पीस उरते. कारण तो निळा रंग तिथे नाहीच, पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो म्हणून तो दिसतो. हे भौतिकशास्त्राच्या तासाला सांगितले तर अर्धा वर्ग जांभई देईल. ज्या मुलाचा रंग कागदावर जमत नाही ते मूल स्वतःहून विचारते, सर, हा निळा जातो कुठे?

जिवंत पक्षी काढावेत, मेलेले का, या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही, कारण तो प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही काढावेत. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात रिबंदरहून फेरीबोटीने जावे, खारफुटीतले बगळे आणि खंडे भराभर चार रेघांत पकडायला शिकावे. तिथे ऐट आणि चाल शिकता येते. जिवंत पाखरू मात्र आपली पिसे मोजू देत नाही. आणि मेलेले पाखरू खोटेही बोलते, हेही सांगायला हवे. डोळा खोल जातो, चोचीचा आणि पायांचा रंग काही तासांत उतरतो, अंग आकसते. म्हणून चित्राखाली 'मेलेल्या पाखरावरून' असे लिहिणे हा प्रामाणिकपणा आहे. जहांगीराचा गुण घ्यायचा तर तो हा घ्यावा. १६१२ साली त्याच्या दरबारातल्या मुकर्रब खानाने गोव्याहून, म्हणजे पोर्तुगिजांकडून, त्याच्यासाठी विचित्र प्राणी विकत नेले. त्यात एक टर्की होता, हिंदुस्थानात कोणी न पाहिलेला. जहांगीराने त्याचे वर्णन लिहून ठेवले आणि वर म्हटले की बाबराने आपल्या आठवणींत प्राण्यांची वर्णने केली पण चित्रे काढून घेतली नाहीत, मी दोन्ही करतो. त्याच्या दरबारी चित्रकाराने, उस्ताद मन्सूरने, काढलेला तो टर्की आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. शब्द आणि रेघ एकाच पानावर हवीत, हे चारशे वर्षांपूर्वी गोव्याहून गेलेल्या एका पक्ष्यापायी लिहिले गेले आहे. आपण अजून फोटो की चित्र यावर भांडतो आहोत.

पण याचा उपयोग काय? हा प्रश्न विचारणारे लोक मला आवडतात, कारण इथून खरी चर्चा सुरू होते. १९९० च्या दशकात भरतपूरला गिधाडे माना टाकून बसलेली, मग झाडाखाली मरून पडलेली दिसू लागली. आपल्याकडे मेलेल्या गिधाडाकडे कोण बघणार? मेलेल्याला खाणारेच ते. पण काही जणांनी बघितले, मोजले, चिरून तपासले. आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर होता. २००४ साली कारण सापडले: गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक. २००६ मध्ये भारताने ते गुरांसाठी बंद केले. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरात एखादेच उरले होते. दुसरे उदाहरण शिकागोचे. तिथल्या फील्ड म्युझियमच्या डेव्हिड विलार्ड यांनी १९७८ पासून मॅकॉर्मिक प्लेस या सरोवराकाठच्या काचेच्या इमारतीखाली मरून पडलेली पाखरे उचलायला सुरुवात केली. दशकानुदशके, रोज पहाटे. लोकांनी त्यांनाही वेडगळच म्हटले असेल. अशा ७०,००० हून अधिक पाखरांची मापे घेऊन २०१९ मध्ये एक अभ्यास आला: चाळीस वर्षांत बहुतेक जातींची शरीरे लहान झाली आहेत आणि पंख लांबले आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात एकाच रात्री त्या इमारतीवर आदळून जवळपास हजार पाखरे मेली, तेव्हा हा कुठल्या काचेचा प्रताप हे सांगायला जुनी मोजणी हाताशी होती. पुढच्या वर्षी त्या काचांवर ठिपक्यांची फिल्म बसली. हे सगळे शवांवर आणि परवान्यांवर उभे आहे, सातवीच्या पोराच्या चित्रावर नाही, हे मी जाणतो. चित्र म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. पण या दोन्ही गोष्टींची सुरुवात एकाच कृतीने झाली: पडलेल्या पाखरापुढे कोणीतरी वाकले आणि त्याने तारीख लिहिली.

आता गोव्याकडे या. नवरंग पावसाच्या तोंडाशी कोकण-गोव्यात येतो, इथे घरटी करतो, आणि पाऊस सरला की दक्षिणेकडे निघतो, काही तर श्रीलंकेपर्यंत. प्रवास रात्रीचा. दमून, दिव्यांनी बावचळून तो पहाटे वस्तीत उतरतो, आणि उजाडल्यावर समोरच्या काचेत झाडे दिसतात म्हणून झाडांत शिरायला जातो. आपल्या आजोबांच्या घरात हे होत नव्हते. जुन्या गोवेकर घराच्या खिडकीत लाकडी पट्ट्यांच्या जाळीत शिंपल्यांचे चौकोनी तुकडे बसवलेले असत. त्यातून उजेड मऊ होऊन आत येई, पण आरपार दिसत नसे आणि बाहेरचे आभाळही त्यात उमटत नसे. पाखराला ती भिंतच दिसत असणार. पर्वरी, आसगाव, दोना पावलाला आज जी घरे उठतात त्यांची अर्धी भिंत काचेची, आणि ती काच बाहेर मुद्दाम राखलेल्या झाडांकडे तोंड करून. 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणून विकलेला हा निसर्ग पाखरांना काचेत दिसतो. उपाय महाग नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके किंवा रेघा, स्थलांतराच्या महिन्यांत रात्री बाहेरचे दिवे बंद. बाजारात मिळणारे बहिरी ससाण्याचे एकच काळे स्टिकर चिकटवून भागत नाही. पाखरू त्याच्या शेजारच्या रिकाम्या काचेवर आदळते.

चित्रांनी असले काही बदलते का, असे हसून विचारणाऱ्यांना २०२० ची आठवण करून द्यावी. मोलेच्या जंगलातून रेल्वेचा दुपदरी मार्ग, रुंद महामार्ग आणि 'गोवा-तमनार' प्रकल्पाची वीजवाहिनी नेण्याला विरोध झाला, त्यात शास्त्रज्ञांची पत्रे होती, कोर्टकचेरी होती, रस्त्यावरची माणसे होती, आणि त्यांच्या बरोबरीने चित्रेही होती: शेकडो, फुलपाखरांची, बेडकांची, पाखरांची. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या प्रकल्पाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली ती चित्रे बघून नव्हे, असे कोणी म्हणेल, कबूल. पण ज्यांनी मोले कधी पाहिले नव्हते अशा हजारो लोकांना तिथे काय राहते हे त्या चित्रांनीच सांगितले. ती सगळी जिवंत प्राण्यांची होती. त्या रस्त्यावर चिरडून पडलेल्यांचे चित्र काढायला कोणी बसले नाही, आणि तो हिशेब अजून बाकी आहे.

तेव्हा शाळांनी मेलेल्या पाखरावर बंदी घालण्यापेक्षा एक वही घालावी. पानाच्या वर पाखराचे चित्र, मेलेले दिसते तसेच. खाली तारीख, वेळ, गाव, ते कशाखाली पडले होते, काच किती हातांवर, वर तार होती का, रस्ता होता का, पंखाची लांबी कागदावर धरून घेतलेली. पावसाळ्यात मांद्रे-मोरजीपासून गालजीबागपर्यंत किनाऱ्यावर वादळाने थकून आलेले समुद्रपक्षी पडलेले सापडतात, त्यांच्या पिसांना डांबरगोळ्याचा काळा चिकटा आहे का, हेही लिहावे. वनखात्याने मराठी-कोकणीत एक पान छापून प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लावावे: कोणते पाखरू दिसले तर कोणाला फोन, काय करायचे नाही, काय काढून ठेवायचे. आणि पंचायतींनी घराचा परवाना देताना सेप्टिक टाकी विहिरीपासून किती अंतरावर हे जसे विचारतात, तसे झाडांकडे तोंड केलेली काच किती आणि तिच्यावर खुणा आहेत का, हेही विचारावे. हे अर्थातच कोणी आपणहून करणार नाही. पण ग्रामसभेत कोणीतरी अशा दोन पावसाळ्यांच्या वह्या टेबलावर ठेवल्या, तर 'पाखरे काय, मरतातच' म्हणणाऱ्या पंचाला निदान कुठल्या वाड्यावर, कुठल्या महिन्यात आणि कोणाच्या काचेखाली, एवढे वाचून दाखवावे लागेल.